ट्रायक्लोरोच्या टाकीशेजारची पहिली नोकरी

प्रश्न : मुलगी बीएस्सी केमिस्ट्री झाली. भोसरीतल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये (धातूच्या भागांवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात) सुपरवायझरची नोकरी चालून आली आहे. तिथे जॉब, म्हणजे मुलाम्यासाठी आलेले धातूचे भाग, ट्रायक्लोरोने धुतात. ती जायला तयार आहे, मला मात्र धास्ती वाटते.
– एक वडील, पिंपरी

उत्तर : धास्ती रास्त आहे. ट्रायक्लोरोइथिलीन ग्रीस झटक्यात काढतं, सहजासहजी पेटतही नाही, म्हणून कारखान्यांचं लाडकं. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तेही मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या भक्कम पुराव्यावर. युरोपात २०१६ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्टच्या यादीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) होती. अमेरिकेतले औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ १० सांगतात.

तरी लगेच नकार कळवू नका. तिला आधी शॉप बघून येऊ द्या. टाकीत हे द्रावक तापवून त्याच्या वाफेने भाग धुतात. ते ८७ अंशांना उकळतं आणि वाफ हवेच्या चौपटीहून जड असते. टाकीच्या वरच्या कडेची कूलिंग कॉइल (वाफ थंड करणारी नळी) नीट चालत असेल आणि भागांची बास्केट सावकाश उचलत असतील, तर वाफ बरीचशी आतच राहते. घाईत भसकन उपसली की बाहेर. शॉपमध्ये शिरताच गोडसर वास आला तर वाफ बाहेर येतेय असं समजावं. (तासाभराने तोच वास येईनासा होतो, नाक सरावतं, हवा सुधारलेली नसते.) शेजारी वेल्डिंग चालू असेल तर आणखी वाईट, कारण त्या उष्णतेने फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आणि एक प्रश्न तिने हमखास विचारावा : टाकीच्या तळाचा गाळ कोण काढतं, कसा? जड वाफ तळाशीच साचते. ‘हेल्पर उतरतो, तोंडाला रुमाल बांधून’ असं उत्तर मिळालं, तर चहा न घेता परत यावं. रुमालाने वाफ अडत नाही. हवेच्या मोजणीचा अहवाल आणि कामगारांच्या तपासण्यांची नोंदवही दाखवली, तर मात्र मालक विचारी आहे.

तसं असेल तर मी जा म्हणेन. पुढे तिला कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेबरोबर कारखान्यातला सुपरवायझरचा अनुभवही मागतात. ही पदविका मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत करता येते. केमिस्ट्रीच्या मुलीला या क्षेत्रात चांगलाच वाव आहे.

गाळाचं काय उत्तर मिळालं, ते जरूर कळवा.