वाचकांचे प्रश्न : खाणीवरच्या मुलांचं आरोग्य

प्रश्न : आमच्या शाळेजवळ दगडखाणी आणि क्रशर आहेत. दसऱ्यानंतर तिथे बाहेरगावची कुटुंबं येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. बहुतेक मुलांची लसीची कार्डं हरवलेली आहेत. उपकेंद्रात गेलं की ‘ही वस्ती आमच्या यादीत नाही’ असं ऐकायला मिळतं. सुरुवात कुठून करावी? (एक शिक्षिका, पुणे जिल्हा)

उत्तर : यादीपासूनच. खाण बहुधा दोन गावांच्या शिवेवर असते, त्यामुळे दोन्ही उपकेंद्रं ती दुसऱ्याची समजतात आणि आशाताईंच्या घरभेटीत पालं येत नाहीत. लसीकरणाच्या सूक्ष्म नियोजनात, म्हणजे वस्तीवार आखणीत, स्थलांतरितांच्या अतिजोखमीच्या वस्त्यांची स्वतंत्र नोंद असते. तिथे तुमची खाण आली की सत्र लागतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. अर्जात खाणीचं नेमकं ठिकाण, मुकादमाचा नंबर आणि एक वर्षाखालची, एक ते पाच वर्षांची व गरोदर बायका असे तीन आकडे हवेत. नुसतं ‘बरीच मुलं आहेत’ लिहिलेला अर्ज पडून राहतो. पोच घ्यायला विसरू नका.

सत्राचा दिवस आठवडी बाजाराचा किंवा पगाराचा घ्या. इतर दिवशी आई फोडीवर असते आणि मजुरी बुडवून ती येणार नाही. यात तिचा निष्काळजीपणा शोधू नये.

कार्ड नसेल तर आईला नीट विचारा आणि डाव्या दंडावर बीसीजीचा (टीबीविरोधी लसीचा) व्रण बघा. कशाचाच पुरावा नसेल, तर तो डोस दिलेला नाही असं धरून सिस्टर पुढे जातात. एखादा डोस जास्त गेला तरी अपाय नाही. कार्ड असेल आणि मध्ये खंड पडला असेल, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचं. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत देता येते, दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. बीसीजी मात्र एक वर्षापर्यंतच.

हंगामाचं गणित इथेच चुकतं. पहिला डोस फेब्रुवारीत दिला की पुढचे डोस कुटुंब गावी निघण्याच्या सुमाराला येतात आणि राहून जातात. म्हणून दिवाळी संपताच सुरुवात करा, म्हणजे चार-चार आठवड्यांचे तीन डोस होळीच्या आत बसतात.

आणखी एक अडचण कुपीची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी पातळ केल्यावर चार तासांनी टाकून द्यावी लागते. म्हणून एकट्या मुलासाठी ती फोडायला काही ठिकाणी टाळाटाळ होते. एका मुलासाठीही कुपी उघडायची, हाच नियम आहे. तरी आजूबाजूच्या दोन-तीन खाणींची मुलं एकाच दिवशी जमवलीत तर वाद उरत नाही.

कार्डाचा फोटो आईच्या आणि गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. पावसात पाल गळतं तेव्हा सगळ्यांत आधी कागद जातात.

प्रश्न : खाणीवरच्या एका मजुराला टीबी निघाला आहे. त्याची तीन वर्षांची मुलगी खोकते. घरचे म्हणतात, धुळीचा खोकला आहे. (एक अंगणवाडीताई)

उत्तर : धुळीवर सोडून देऊ नका. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं कमकुवत होतात, सिलिकोसिस (याच धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्याला टीबीचा धोका बराच वाढतो आणि घरातलं लहान मूल त्याच्याच शेजारी झोपतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन न वाढणं, खेळायला नको म्हणणं, यांतलं काहीही असेल तर मुलीला ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. या वयात बेडका मिळत नाही, म्हणून जठरातलं पाणी काढून तपासतात. आईला हे आधी सांगा, नाहीतर ती घाबरून परत फिरते.

टीबी नसल्याची खात्री झाली, तरीही पाच वर्षांखालच्या मुलाला प्रतिबंधक औषध द्यायचं असतं. रूढ पद्धतीत ते आयसोनियाझिड असतं, वजनाप्रमाणे, रोज, सहा महिने. दोन महिन्यांत मूल ठणठणीत दिसतं आणि गोळ्या थांबतात. चूक बहुतेक वेळा इथेच होते. कुटुंब निघण्याआधी वडिलांचा आणि मुलीचा निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा क्रमांक) लिहून घ्या. त्यावरून उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतात आणि पुढच्या केंद्राला सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

तोवर तिचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, पोटाची हालचाल बघत, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, तर थेट 108 बोलवा. गाडीला खाणीचा रस्ता सापडत नाही, म्हणून एकाला डांबरी रस्त्यावर उभं करा.

प्रश्न : मुलं बारीक दिसतात, पण वजनकाटा खाणीवर नेता येत नाही. काय करू? (एक आशाताई)

उत्तर : दंडाची फीत न्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण आहे. दोन्ही पायांवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर घेर कितीही असो, मुलाला दवाखान्यात पाठवा. फीत मांसात रुतेल इतकी ओढू नका आणि सैलही सोडू नका. बाहीवरून मोजलेलं माप धरू नका.