सिम्युलेटेड अनीलिंग दर वेळी वेगळी ऊर्जा का देतं?

तुमचा प्रश्न असा: ऐरोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, त्रिमितीय रँडम-फील्ड आयझिंग मॉडेल (जाळीवर वर किंवा खाली तोंड केलेले स्पिन, म्हणजे छोटे चुंबक, आणि प्रत्येकावर निराळं यादृच्छिक फील्ड), गाउशियन फील्ड, तीच फील्ड देऊनही अनीलिंगमधून (तापमान हळूहळू उतरवत कमी ऊर्जा शोधण्याची पद्धत) प्रत्येक रनला निराळी ‘ग्राउंड स्टेट’, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, येते.

कोड बरोबर असला तरी असंच होणार. इथे स्पिनची अख्खी बेटं एकदम उलटावी लागतात आणि अनीलिंग एकेक स्पिन चाचपत मधल्याच खड्ड्यात बसतं. अनीलिंग सोडा. सगळे बंध फेरोमॅग्नेटिक आहेत (शेजारी स्पिनना एकाच दिशेला ठेवू पाहतात), त्यामुळे नेमकी ग्राउंड स्टेट मिन-कटने, म्हणजे ग्राफ कमीत कमी खर्चात दोन भागांत तोडून, निघते. भौतिकशास्त्रज्ञ ओगिएल्स्कीने १९८६ मध्येच मॅक्स-फ्लो (ग्राफमधून जास्तीत जास्त किती प्रवाह जातो ते; तो मिन-कटएवढाच असतो) वापरून हे केलं होतं.

बंधाची ताकद १ धरा. प्रत्येक स्पिन एक नोड. वर सोर्स आणि सिंक असे दोन जास्तीचे. शेजाऱ्यांमध्ये दोन्ही दिशांना क्षमता २ (एकाच दिशेला दिली की उत्तर गुपचूप चुकतं). फील्ड धन असेल तर सोर्सकडून स्पिनकडे, ऋण असेल तर स्पिनकडून सिंककडे कडा. क्षमता फील्डच्या निरपेक्ष मूल्याच्या दुप्पट. मॅक्स-फ्लो संपल्यावर उरलेल्या ग्राफमध्ये (ज्यांत अजून क्षमता शिल्लक आहे त्या कडांनी) सोर्सपासून जिथवर पोचता येतं ते स्पिन वर, बाकीचे खाली. ऊर्जा = कट (तुटलेल्या कडांच्या क्षमतांची बेरीज) − बंधांची संख्या − फील्डच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज.

कट म्हणजे काय ते तुमच्या घराजवळच दिसेल. नवी मुंबई आणि मुंबई तोडायला ऐरोली, वाशी, अटल सेतू बंद केलेत आणि कळव्याचा पूल विसरलात, तर कट झालाच नाही. पिरिऑडिक सीमेच्या कडा (जाळीचं एक टोक समोरच्या टोकाला जोडणाऱ्या) म्हणजे हा कळव्याचा पूल: ऊर्जेच्या सूत्रात धरतात, ग्राफमध्ये विसरतात. म्हणून आधी ४×४ची (१६ स्पिनची) जाळी घ्या, ६५,५३६ अवस्था सरळ मोजा आणि ऊर्जा ताडून पाहा.

दशांश ठेवू नका; राउंडिंगमुळे भरलेली कडा किंचित रिकामी दिसते आणि कट फुटतो. सगळ्या क्षमता १०,०००ने गुणून पूर्णांक करा, पण एकूण फ्लो ६४ बिटांतच ठेवा: १० लाख स्पिन झाले की ३२ बिट हमखास ओलांडले जातात. पुश-रिलेबल या मॅक्स-फ्लो पद्धतीचा फक्त पहिला टप्पा चालवलात, तर सोर्सकडून शोधू नका. सिंककडून उलटं या, आणि जे सिंकला पोचू शकत नाहीत ते वर.

६४×६४×६४ लॅपटॉपवर आरामात बसतं. फील्डचं प्रमाण विचलन २.२७च्या आसपास नेलंत की वेळ एकदम वाढतो. तो बग नाही, तिथेच फेज ट्रान्झिशन आहे (बहुतेक स्पिन एका दिशेला असण्याची स्थिती तिथे मोडते). पुश-रिलेबलमधलं ग्लोबल अपडेट (सगळ्या नोडची सिंकपासूनची अंतरं अधूनमधून नव्याने मोजणं) चालू ठेवा आणि सरासरीसाठी निदान हजार नमुने घ्या.

गाइड ‘हेच स्पिन ग्लासला लावा’ म्हणाले, तर थांबा. तिथे काही बंध उलट चिन्हाचे, म्हणजे क्षमता ऋण, आणि मिन-कट कोसळतो. द्विमितीत, बाहेरचं फील्ड नसताना आणि निदान एक सीमा मोकळी ठेवून, मॅचिंगने (ग्राफमधले नोड कमीत कमी खर्चात जोड्यांत बांधून) काम होतं. त्रिमितीत ते एनपी-हार्ड आहे (त्यासाठी झटपट नेमकी पद्धत माहीत नाही), हे संशोधक बाराहोनाने १९८२ मध्ये दाखवलंय. तिथे मात्र तुमचं अनीलिंग परत काढावं लागेल.