बोलणं बंद करण्याआधी हे वाचा

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. मुलाचं सागरी जीवशास्त्रात एमएस्सी होत आलंय, टूना पकडणाऱ्या बोटमालकांच्या एका संघटनेनं त्याला नोकरी देऊ केलीय, काम काय तर आंतरराष्ट्रीय बैठकांना त्यांच्यातर्फे बसायचं आणि आकडेवारी सांभाळायची. तुम्ही स्वतः वीस वर्षं पर्यावरणाचं काम करताय. तुमचं म्हणणं असं की आता खुल्या समुद्राचा करार लागू झालाय, कंपन्यांना दाराबाहेर ठेवायची वेळ आलीय आणि माझाच मुलगा त्यांच्या गोटात निघालाय, त्याला समजवा.

पण शेवटी तुम्ही लिहिलंय की त्याने सही केली तर मी त्याच्याशी बोलणार नाही. ताई, मी तिथेच अडकले. चोवीस वर्षांचा मुलगा, तुमच्याकडे बघत बघतच समुद्राकडे वळलेला, आणि पहिल्याच नोकरीला त्याला आई की काम असं निवडायला लावताय. मुलाने डॉक्टरच व्हावं म्हणून अबोला धरणारे आईबाप माझ्याकडे नेहमी येतात, त्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते, हेतू कितीही चांगला असला तरी धाक तो धाकच. आणि एक विचार करा, उद्या तिथे त्याला काही खटकलं, एखादा आकडा दाबायला सांगितला, तर तो कोणाला फोन करणार? तुम्हालाच ना? आणि नेमकं तेव्हा तुम्ही बोलणं बंद केलेलं असेल.

आता दाराबाहेर ठेवायचं म्हणताय त्याबद्दल. करार १७ जानेवारी २०२६ ला लागू झाला, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रं करता येणार, हे मोठं काम झालंय. पण कोणी किती मासे पकडायचे, गळ कसे टाकायचे हे ठरवणारे, देशांनी मिळून नेमलेले मासेमारी आयोग आधीपासून आहेत आणि त्यांच्या कामाला बाधा येऊ द्यायची नाही असं करारातच लिहिलंय. संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव आला की ज्यांच्याशी सल्लामसलत करायची त्या यादीत खाजगी क्षेत्रही आहे. आणि मासेमारी आयोगांच्या बैठकीत उद्योगातली माणसं कित्येकदा देशाच्या शिष्टमंडळातच बसलेली असतात. म्हणजे बाहेर ठेवायचं कोणाला, ते आतच आहेत, प्रश्न एवढाच की आत कशी माणसं आहेत.

तुमची भीती खोटी नाही. अटलांटिकच्या ब्लूफिन टूनाचं बघा, शास्त्रज्ञ साधारण १५,००० टनांवर थांबा म्हणत होते आणि आयोगाने २००७ साठी २९,५०० टनांचा कोटा दिला. हे मी विसरत नाही.

पण दुसरी गोष्टही तेवढीच खरी आहे. लाँगलाइन म्हणजे कित्येक किलोमीटर लांब दोर आणि त्याला हजारो गळ. बोटीच्या मागून आमिष लावलेले गळ पाण्यात पडतात, ते बुडायच्या आत अल्बाट्रॉस हा मोठा समुद्री पक्षी झडप घालतो, गळ चोचीत अडकतो आणि दोराबरोबर पक्षीही खाली ओढला जाऊन बुडतो. यावर तोडगा काढला तो जपानी टूना बोटींवरच्या मच्छीमारांनी, कारण आमिष पक्ष्यांनी नेलं की त्यांचाही तोटाच. बोटीच्या मागे उंचावरून एक दोरी सोडायची, तिला रंगीत पट्ट्या लटकवायच्या, त्या वाऱ्यावर फडफडल्या की पक्षी जवळ येत नाहीत. तोरी लाइन म्हणतात तिला, तोरी म्हणजे जपानीत पक्षी. १९९१ मध्ये अंटार्क्टिकच्या आयोगाने आपल्या पाण्यात ती सक्तीची केली, पुढे टूनाच्या आयोगांनीही नियमांत घेतली. बोटीवरच्या माणसाचं ज्ञान बैठकीपर्यंत पोचलं म्हणून ते झालं.

मुलासाठी माझं मत मात्र वेगळं आहे, ही नोकरी त्याने लगेच घेऊ नये. आधी एक हंगाम बोटीवर स्वतंत्र निरीक्षक म्हणून जावं. टूनाच्या लाँगलाइनवर बऱ्याच आयोगांचा नियम निदान ५ टक्के मासेमारीवर निरीक्षक असावा एवढाच आहे, बाकीचं जे कळतं ते मुख्यतः कॅप्टनच्या नोंदवहीतून. ज्याने स्वतः डेकवर उभं राहून वर आलेली कासवं, शार्क, पक्षी मोजलेत त्याच्यापुढे बैठकीत कोणी गोलमाल आकडे ठेवू शकत नाही, मग तो कोणत्याही बाजूला बसो. सागरी कायद्यात एलएलएम वगैरे नंतरही करता येतं, त्याची घाई नको.

आणि तरीही हीच नोकरी घ्यायची असेल तर नेमणूकपत्र नीट वाचायला सांगा. त्याने गोळा केलेली माहिती आयोगाच्या शास्त्रीय समितीकडे जशीच्या तशी जाणार का, की आधी संघटनेची मंजुरी लागणार? मंजुरी लागणार असेल तर मी नको म्हणेन. ते पत्र मला पाठवा, पण तुम्ही नाही, त्याने स्वतः पाठवावं. आणि त्याआधी आज रात्री त्याच्याशी बोला.