५० मीटरवर नव्याने उतरताना : गोळी, वारा आणि वेग

नेमबाजीत १० मीटर एअर रायफलवरून ५० मीटर रायफलला आलास की आधी एक समजूत मनातून काढ: गोळी सरळ जात नाही. नळीबाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. पॉइंट टू टूची (.२२ इंची) मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेची गोळी, सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने सुटते, लक्ष्यापर्यंत जेमतेम ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. साइट (नेम धरायचं साधन) लावताना नळी किंचित वर रोखलेली असते ती यासाठीच.

आता वेग सेकंदाला १० मीटरने कमी झाला, तर मार ७-८ मिलिमीटर खाली जातो. दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं! म्हणून गोळ्यांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) आपल्याच रायफलमधून तपासून घे आणि स्पर्धेआधी बदलू नकोस.

वाऱ्याचं गणित मात्र नवख्यांना हमखास चकवतं. जास्त वेगाची गोळी वाऱ्यात कमी ढळेल असं वाटतं ना? या अंतरावर उलटं होतं. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढतो, गोळी जास्त रखडते आणि जितकी रखडते तितकी बाजूला सरकते. मॅच गोळी त्या वेगाच्या खाली ठेवतात ती उगाच नाही. सेकंदाला २ मीटरचा आडवा वारासुद्धा तिला सेंटिमीटरभर सरकवतो.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये याच अंतरावर कांस्य मिळवलं. त्याच्या स्टान्सचे (उभं राहण्याच्या पद्धतीचे) व्हिडिओ जरूर बघ, पण सरावात आधी वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघायला शीक. झेंडा सायटरच्या (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या चाचणी गोळ्यांच्या) वेळी होता तसाच असेल तरच ट्रिगर दाब. नाहीतर रायफल खाली घे, थांब.