रॉटवायलर आणतोस, तर आधी फाटक बघ

भाऊ, संत्र्याच्या वाडीत राखणीला रॉटवायलर जातीचा कुत्रा आणायचा म्हणतोस, तर आण. बंदीचं म्हणशील तर केंद्राने १२ मार्च २०२४ ला २३ जातींबद्दल राज्यांना पत्र धाडलं होतं, रॉटवायलरही त्यात होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केलं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जात विचारत नाही. जनावर हलगर्जीने मोकळं सोडून धोका झाला, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावठी कुत्र्यालाही तेच.

माझी पहिली चूक साखळीची. पिल्लू दिवसभर बाभळीला बांधून ठेवलं. वर्षभरात कापूस वेचायला येणाऱ्या बाया दिसल्या की साखळी ताणून तोंडाला फेस आणायचं. त्यात त्याचा काय दोष बाप्पा?

सुरुवातीला एवढंच कर:

- पिल्लू येण्याआधी जाळीचं कुंपण अन् खालूनही कडी लागणारं फाटक.
- पिल्लू १४ आठवड्यांचं व्हायच्या आत त्याला बैल, ट्रॅक्टर, लेकरं, डोक्यावर भारा घेतलेली माणसं, सगळं शांतपणे दाखव. पोळ्याच्या गर्दीत मात्र नेऊ नको.
- ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. कार्ड जपून ठेव.

अन् पोरांना ‘छू’ करू देऊ नको. रानडुकरावर सोडलेला कुत्रा उद्या शेजाऱ्याच्या बकरीवर जातो. ट्रेनिंगचं बाकी सारं पिल्लू घरात रुळल्यावर बोलू.