खरे शिक्षण आणि खोटे शिक्षण कसे ओळखावे, आणि शंका घेणाऱ्यावर देवाचा कोप येतो का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. तुमच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत येणारे उपदेशक सांगतात की देवाने त्यांना शेवटच्या न्यायाचे वर्ष प्रकट केले आहे, आणि त्यांच्या शब्दाविषयी जो शंका घेईल तो पवित्र आत्म्याविरुद्ध पाप करील व त्याच्या घरावर कोप येईल. तुम्हाला हे शिक्षण पटत नाही, परंतु ते खरे असले तर काय, या भीतीने तुम्ही गप्प आहात. सासूबाईंना तिथे बसण्यापासून थांबवावे का, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे.

मी पाळक नाही. मंडळीत वचनाचा अभ्यास घेणारा एक सभासद आहे आणि पवित्र शास्त्राला प्रमाण मानूनच हे लिहीत आहे. माझे मत असे की, खोट्या शिक्षणासंबंधी शास्त्रात न्यायाचे जे कडक इशारे आले आहेत ते मुख्यतः शिकवणाऱ्याला उद्देशून आहेत. ऐकणाऱ्याला मात्र परीक्षा करण्याची आज्ञाच आहे. जो उपदेशक हे इशारे उलटे फिरवून परीक्षा करणाऱ्यावर रोखतो, त्याच्याविषयी सावध होण्यास तेवढे एक कारण मला पुरेसे वाटते.

या विषयावर बोलताना बहुतेक जण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील मेंढरांच्या वेशातल्या लांडग्यांपासून सुरुवात करतात. मला मात्र जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय अधिक उपयोगी वाटतो, कारण तिथे ऐकणाऱ्यांची अडचण उघड दिसते. सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी 593 च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिरात याजक आणि सर्व लोक यांच्यादेखत दोन संदेष्टे समोरासमोर उभे राहिले. आधीचा राजा यखन्या आणि मंदिरातील पात्रे यांना बाबेलला (बॅबिलोनला) नेऊन काही वर्षे झाली होती. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होते आणि बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल, असे तो सांगत होता. गिबोनचा हनन्या म्हणाला की दोन वर्षांच्या आत ते जू मोडेल, पात्रे परत येतील आणि यखन्याही परत येईल. दोघांनी सेनाधीश परमेश्वराचेच नाव घेतले, दोघांची बोलण्याची पद्धत एकच होती आणि दोघेही संदेष्टे म्हणून ओळखले जात होते. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या सामान्य माणसाने काय करायचे होते?

यिर्मयाने त्या वेळी जे केले ते नीट पाहण्यासारखे आहे. तो प्रथम म्हणाला, आमेन, परमेश्वर तसे करो. हनन्याचा संदेश खरा ठरला असता तर त्याला आनंदच झाला असता. मग त्याने लोकांपुढे दोन कसोट्या ठेवल्या: आमच्या आधीच्या संदेष्ट्यांनी काय सांगितले ते आठवा, आणि शांतीचे भाकीत करणाऱ्याचे वचन प्रत्यक्षात येते की नाही ते पाहा. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडले, तेव्हा यिर्मया शाप न देता आपल्या वाटेने निघून गेला. प्रत्युत्तरादाखल तिथल्या तिथे नवा संदेश देण्याची घाई त्याने केली नाही. परमेश्वराचे वचन त्याला नंतर मिळाले आणि मग तो परत हनन्याकडे गेला. हा वाद पाचव्या महिन्यात झाला आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरण पावला. म्हणजे न्याय आला तो लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावणाऱ्यावर. त्या दिवशी मंदिरात जे साशंक मनाने घरी गेले, त्यांच्याविषयी त्या अध्यायात दोषाचा एक शब्दही नाही.

यावरून गोड बोलणारा तो खोटा आणि कठोर बोलणारा तो खरा, असा निष्कर्ष मात्र काढू नका, कारण तुमच्याकडे येणारे उपदेशक कठोरच बोलत आहेत. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात याहून बारीक कसोटी आहे: हे संदेष्टे खरोखर परमेश्वराच्या मसलतीत उभे राहिले असते, तर त्यांनी लोकांना वाईट मार्गापासून फिरवले असते. भीती घालणारा संदेशही याच मापाने मोजावा. ऐकणारा माणूस खोटेपणा, लाच, घरातील मारहाण, जातीचा गर्व यांपासून फिरतो आहे का, की केवळ उपदेशकाच्या अधिकाधिक आधीन होतो आहे, हे तुम्हाला तुमच्या सभेत दोन-चार महिन्यांत दिसून येईल.

मोशेच्या नियमशास्त्रात या संबंधात दोन वचने आहेत आणि ती सोबत वाचली पाहिजेत. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे, परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही तर ती परमेश्वराने सांगितलेली नव्हती, आणि अशा संदेष्ट्याला भिऊ नये, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तेराव्या अध्यायाप्रमाणे मात्र चिन्ह किंवा चमत्कार खरा ठरला तरी, तो माणूस अन्य दैवतांकडे नेत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. म्हणजे भाकीत चुकणे हा खोटेपणाचा पुरावा आहे, परंतु भाकीत खरे ठरणे हा खरेपणाचा पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडील आरोग्यदान सभांविषयी बोलताना ही दुसरी बाजू सहसा विसरली जाते.

वर्ष सांगण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे स्वतः येशूने सांगितले आहे, आणि स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांनी काळाविषयी विचारले तेव्हाही, ते जाणणे तुमच्याकडे नाही, असेच उत्तर त्यांना मिळाले. तरीही हा मोह जुना आहे. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या आठव्या अध्यायातील 2300 दिवसांवरून गणित मांडले आणि त्याच्या अनुयायांनी अखेरीस 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. कॅलिफोर्नियातील फॅमिली रेडिओचे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी आधी 1994 चा अंदाज दिला होता आणि नंतर 21 मे 2011 ही तारीख जगभर जाहिरात फलक लावून सांगितली. तीही टळल्यावर त्यांनी 21 ऑक्टोबर सांगितला. मात्र मार्च 2012 मध्ये त्यांनी श्रोत्यांना पत्र लिहून, तारीख ठरवण्याचा आपला प्रयत्न चुकीचा व पापमय होता, असे मान्य केले. वयाच्या नव्वदीत असे जाहीरपणे मान्य करणे सोपे नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना मी ते वगळत नाही.

आता तुम्हाला घातलेल्या भीतीकडे येतो. पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाचे वचन येशूने कोणाला उद्देशून म्हटले ते मत्तयाच्या बाराव्या अध्यायात पाहा. भूतग्रस्त माणूस बरा झाला हे समोर दिसत असूनही, हे बालजबूलाचे, म्हणजे भुतांच्या अधिपतीचे, काम आहे असे म्हणणाऱ्या परूशी या यहूदी धर्मपंथीयांशी तो बोलत होता. एखाद्या उपदेशकाच्या गणिताविषयी शंका घेणे या पापात कसे बसते, हे मला आजवर कोणी दाखवलेले नाही. “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका” हे दुसरे वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. ते एकशे पाचव्या स्तोत्रातील आहे आणि तिथे अब्राहाम, इसहाक व याकोब हे परक्या देशांत उपरे म्हणून भटकत असताना देवाने राजांना दिलेल्या ताकिदीविषयी आहे. दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरे. परंतु त्याच प्रसंगी त्याने शौलाला त्याचा अन्याय तोंडावर सांगितला आणि परमेश्वर आपल्या दोघांत न्याय करो, असे म्हटले. अंगावर हात टाकणे वेगळे आणि शिक्षण तपासणे वेगळे.

नव्या करारात तर परीक्षा करणाऱ्यांची स्तुती आहे. प्रेषित पौलाने सांगितलेल्या गोष्टी अशाच आहेत की काय, हे बिरुयातील लोक दररोज शास्त्रात शोधून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात त्यांना थेस्सलनीकातील लोकांपेक्षा मोठ्या मनाचे म्हटले आहे. गलतीकरांस लिहिताना पौल स्वतःलाही या कसोटीतून सोडत नाही: आम्ही किंवा स्वर्गातील देवदूतानेही निराळी सुवार्ता सांगितली तर तो शापित असो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, अंत्युखियात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला अडवल्याची हकीकत आहे. प्रत्यक्ष पेत्राला प्रश्न विचारता येत असेल, तर तुमच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या उपदेशकांना का विचारता येऊ नये?

तरीही ऐकणारा नेहमी निर्दोषच असतो, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाला माझ्याकडे उत्तर उरणार नाही. यहूदा देशातून आलेल्या देवाच्या माणसाला तिथे अन्नपाणी न घेता, दुसऱ्या वाटेने परत जाण्याची स्पष्ट आज्ञा होती. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने, मलाही देवदूताने सांगितले आहे, असे खोटे बोलून त्याला जेवायला परत नेले, आणि वाटेत सिंहाने त्याला ठार केले. फसवणारा जिवंत राहिला व फसलेला मेला. ही कथा मला अजूनही जड जाते. परंतु एक गोष्ट तिच्यात स्पष्ट आहे: त्या माणसाकडे स्वतःला मिळालेले निःसंदिग्ध वचन होते, आणि दुसऱ्याने साक्षात्काराचा दावा करताच त्याने काही न विचारता ते सोडून दिले. त्याचा दोष शंका घेतल्याचा नव्हता. शंका घ्यायला हवी होती तिथे त्याने ती घेतली नाही, आणि तुमच्या उपदेशकांच्या म्हणण्याच्या हे नेमके उलट आहे. यिर्मयाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटीही अशीच खंत आहे की संदेष्टे खोटे सांगतात आणि माझ्या लोकांना तेच आवडते. खोटे शिक्षण अनेकदा ऐकणाऱ्याच्या आवडीवरच पोसले जाते.

पैशांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण मी करतो, कारण तो विषय सहसा दूर नसतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात फिरत्या उपदेशकांसाठी अगदी व्यवहारी नियम आहेत: पाहुणा एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा, निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले तर तोही खोटा. त्याच ग्रंथात, आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा करू नका, असेही वाक्य आहे, आणि ते कोणी तुमच्यासमोर ठेवले तर दचकू नका; त्याला लागूनच, आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, प्रभूची वागणूक ज्याच्यात आहे तोच, असे म्हटले आहे. दान न देणाऱ्याला हनन्या व सप्पीरा यांचे मरण दाखवून घाबरवणारेही असतात (हा हनन्या निराळा, प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातला). तिथे पेत्राने काय विचारले ते वाचावे: ती जमीन तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच अधिकारात नव्हते का? त्यांचा अपराध खोटे बोलण्याचा होता. कमी दिल्याचा नव्हता.

मराठी ख्रिस्ती माणसाला परीक्षा करण्याची ही रीत परकी नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या विवेकाला न पटलेली मते केवळ वडीलधाऱ्यांच्या शब्दावरून स्वीकारण्याचे नाकारले. त्या ख्रिस्तापासून दूर गेल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. आज त्यांची श्रद्धा कच्ची होती असे कोणी म्हणत नाही.

प्रत्येक मतभेदाला खोटे शिक्षण म्हणणे हेही टाळावे. बालकांचा बाप्तिस्मा, अन्य भाषांत बोलणे, प्रभुभोजनाची रीत यांविषयी वसईतील कॅथलिक, नगरकडील जुन्या मिशनच्या मंडळ्या आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या यांची मते वेगळी आहेत, आणि तरीही ख्रिस्त देहाने आला, मेला व उठला हे सगळेच मानतात. पौल पहिल्या करिंथकरांसच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्याने योग्य पायावर गवत-पेंढ्याचे बांधकाम केले, त्याचे काम जळेल, परंतु तो स्वतः जणू अग्नीतून निघावा तसा वाचेल. म्हणून तुमच्या उपदेशकांच्या अंतिम गतीविषयी मी काहीही बोलणार नाही. तो न्याय माझ्याकडे नाही. त्यांचे शिक्षण चुकीचे आहे, एवढे मात्र मी निःशंकपणे सांगतो. शिक्षक होणाऱ्यांना अधिक कडक न्याय लागू होईल, हे याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पहिले वचन त्यांनीही वाचलेले असेलच.

सासूबाईंना थांबवू नका, निदान हुकमाने तरी नाही. त्यांना तिथे सोबत मिळत असेल, प्रार्थना मिळत असेल, आणि ती हिसकावून घेतल्यास त्या उपदेशकांच्याच अधिक जवळ जातील. यहूदाच्या पत्रात संशयात पडलेल्यांवर दया करण्यास सांगितले आहे. त्यांच्याजवळ बसून मत्तयाचा चोविसावा अध्याय सावकाश वाचा आणि छत्तिसाव्या वचनाशी आल्यावर त्यांना काय वाटते ते विचारा. सभा तुमच्याच घरी भरते, तेव्हा पुढच्या वेळी उपदेशकांनाही तेच वचन उघडून, सर्वांसमक्ष, आदराने, त्यांच्या वर्षाचा आधार विचारा, आणि त्याआधी आपल्या मंडळीच्या पाळकांना व एका-दोन वडीलजनांना सभेला बोलावून ठेवा. ते प्रश्नाला उत्तर देतात की प्रश्न विचारणाऱ्याला शाप देतात, हे सासूबाई स्वतः पाहतील.