शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीच्या भिंती तळाशी इतक्या जाड का आहेत?

कारण इमारतीचा भार त्या भिंतींवरच आहे. तुम्ही विचारताय तो उत्तरेकडचा सोळा मजली भाग १८९१ मध्ये पुरा झाला. आत लोखंडी खांब आहेत, पण बाहेरच्या विटांच्या भिंती स्वतःचं आणि त्यांच्यावर टेकलेल्या मजल्यांचं वजन पेलतात. खाली यावं तसं ओझं वाढतं, म्हणून वर दीड फुटाची भिंत तळाशी सहा फुटांची होते. तळमजल्याच्या खिडकीशी उभं राहिलं की काच भिंतीत किती आत बसवली आहे ते दिसतं.

खरं तर भिंतींऐवजी भार पेलणारा धातूचा सांगाडा तेव्हा शिकागोत आला होता. १८८५ ची होम इन्शुरन्स इमारत त्यासाठीच प्रसिद्ध. पण पद्धत नवी होती आणि मोनॅडनॉकसाठी पैसा घालणाऱ्या बोस्टनच्या ब्रूक्स बंधूंचा तिच्यावर पुरता भरवसा नव्हता. नक्षीकामही त्यांना नको होतं, कारण बाहेर आलेल्या प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ आणि पक्ष्यांची घाण साचते. वास्तुविशारद जॉन रूट यांनी मग सगळं सौंदर्य भिंतीच्या आकारातच आणलं. तळाशी ती हलकेच आत वळते, माथ्यावर पुन्हा बाहेर झुकते. इतकी साधी आणि इतकी देखणी कार्यालयाची इमारत मला दुसरी माहीत नाही. ती पुरी झालेली पाहायला रूट राहिले नाहीत. जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेले, वय अवघं ४१.

या जाडीची किंमत मात्र मोजावी लागली. तळमजल्यावर दुकानांची, म्हणजे चांगल्या भाड्याची जागा भिंतीतच गेली. शिवाय शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची. इमारत आठ इंच खचेल हे धरूनच पाया घातला होता, पण पुढच्या काही दशकांत ती सुमारे वीस इंच खचली.

दक्षिणेकडचा भाग दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये होलाबर्ड आणि रोश या वास्तुविशारदांनी बांधला, तो पोलादी सांगाड्यावर. त्यामुळे एकाच इमारतीत जुनी आणि नवी रीत शेजारी शेजारी उभी आहे, आणि माझ्या मते तिचं खरं मोल यातच आहे. होम इन्शुरन्स १९३१ मध्ये पाडली, ही अजून वापरात आहे. कधी जाणं झालंच तर जॅक्सन बुलेव्हार्डच्या कोपऱ्यापासून डिअरबॉर्न स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत जा आणि नजर तळमजल्याच्या भिंतीवर ठेवा. जोड कुठे आहे ते कुणाला विचारावं लागणार नाही.